खोली नंबर अकरा

विश्वंभर गंदेवार एका मंगळवारी येऊन बसला
माझ्या कोपऱ्यातल्या स्टुलावर, मांडीवर वही.
एकांकिका लिहीत होता. म्हणाला, म्याडम, नुसता बघतो,
मनाचे डॉक्टर बोलतात कसे.

परभणीचा सरकारी दवाखाना. शेजारच्या खिडकीत
कुत्रं चावल्याची सुई. आमचं दार लागत नाही,
म्हणून पुढचा पेशंट आतच उभा
आणि मागचा अजून चप्पल शोधतोय.
एकाला विचारलं, झोप लागते का,
उत्तर दिलं मेहुण्याने.
दुपारपर्यंत चौसष्ट केसपेपर.
विश्वंभरची वही कोरी.

"पण गुपित कुठंय?
कुणीतरी एकदम ओरडेल, आठवलं!
आणि सगळं मोकळं होईल, तसलं?"

तसलं नाही, म्हणाले मी.
रात्री जेवल्यावर अर्धी गोळी, हे आहे.
पंधरा दिवसांनी या, हे आहे.
आणि माणूस खरंच परत आला
की मला बरं वाटतं, एवढं लिही.

त्याने एवढंच नाही लिहिलं.
मानवतच्या गॅदरिंगला त्याचा डॉक्टर
पांढऱ्या कोटात, निळ्या उजेडात उभा राहिला,
साखळीचं घड्याळ डोलवलं,
आणि सात वर्षं मुकी असलेली पोरगी
बापाचं नाव घेऊन अशी किंचाळली
की मंडपभर बायांचे पदर डोळ्यांना.
शेवटी डॉक्टरचं तिच्याशीच लग्न.
पहिलं बक्षीस. ढाल माझ्या टेबलावर आणून दाखवली,
पेढा दिला.
पेढा चांगला होता.

देवशाला त्यानंतरच्या मंगळवारी आली, पाचव्यांदा.
चारदा ती जंतांच्या पोस्टरकडे बघत बसली होती,
मी पोस्टरकडे बघणाऱ्या तिच्याकडे.
तिचा नवरा आसाराम टेबलावर वाकला, हळू आवाजात:
"म्याडम, आम्ही नाटक बघितलं.
ह्या गोळ्या कामून देता मग?
एकडाव ते घड्याळच हलवा की.
लई भाडं जातंय येण्या-जाण्यात."

रागावता आलं नाही. भाडं खरंच जातं.
मी मनगट पुढे केलं.
पट्ट्याचं घड्याळ, काच तडकलेली,
महिनाभर दहा मिनिटं मागे.
हलवलं. घड्याळ कसलं डोलतंय,
हातच हलला, माशी हाकलावी तसा,
दोनदा, तीनदा.

देवशाला बघत होती.
पदर तोंडाला लावला तिने, आणि त्याआडून,
"ह्या डाक्टरीनबाईलाच झोप पायजे."

दारातला पुढचा पेशंट हसला.
आसाराम नाही हसला, तो तिच्याकडे
नुसता बघतच राहिला.
मी केसपेपरवर लिहिलं: आज बोलली.
खाली: गोळी तीच, पंधरा दिवस.

जाताना त्याने विचारलं, वाजले किती,
मानवतची गाडी गाठायचीय.
मी मनगट बघून सांगितलं.
ती दोघं फाटकाबाहेर गेल्यावर
मला आठवलं.