सतरावी ओळ

म्हैसाळच्या आमच्या देवळात, झग्यांच्या कपाटामागे
एक तक्ता टांगलाय. काच तडकलेली, आत कसर.
पुरुषानं कोणाकोणाशी लग्न करू नये: तीस ओळी.
पहिलीच ओळ आजी.
रविवारच्या शाळेत ती वाचून आम्ही पोट धरधरून हसायचो
आणि हन्नाबाई पट्टी उगारायच्या.

आजेसासू, मावससासू, चुलती, मामी.
ज्यानं कुणी हे मराठीत आणलं
त्याला शब्द शोधावे लागले नसतील,
आपल्याकडे प्रत्येक नात्याची खुंटी आधीच ठोकलेली.
सतरावी ओळ: बायकोची बहीण.

शांतवन वायदंडे, मिरजेच्या दवाखान्यातले जुने कंपाउंडर,
ईस्टरनंतरच्या सोमवारी माझ्याकडे आले.
मी मंडळीची चिटणीस, नोंदवही माझ्याकडे.
टोपी मांडीवर ठेवून म्हणाले,
"तारामणीला जाऊन सहा वर्षं झाली.
रत्नमणी तेव्हापासून माझी भाकरी थापते
आणि साडेसातच्या गाडीनं मिरजेला परत जाते.
आता तिचे गुडघे दुखतात."
एवढंच. प्रेमाबिमाचा शब्द नाही.
गुडघे.

गावात कुणाला यात वावगं दिसेना.
शेजारच्या गुरवाची दुसरी बायको
पहिलीच्याच पाठची, भावकीनं हौसेनं करून दिलेली.
पण नगरकडून आलेले हिवाळे पाळक
तक्त्यापुढे उभे राहिले, चष्मा पुसला.
"धर्मप्रांताच्या घटनेला हा परिशिष्ट म्हणून जोडलाय, बाई.
कुणी काढला नाही.
म्हणजे तो आहे."
बिशपांना पत्र गेलं, मीच टाइप केलं.
उत्तर आलं: विषय समितीपुढे आहे.
समिती कधी बसते, ते पत्रात नव्हतं.

कागवाड इथून हाकेवर.
पाट्या आधी मराठी, मग दोन्ही, मग नुसत्या कानडी.
उगारच्या मळीचा वास दोन्हीकडे सारखाच.
पण तिथलं देऊळ दुसऱ्या धर्मप्रांतात,
दुसरा बिशप, दुसरी घटना.
एका आईच्या दोन लेकी,
सारखंच प्रार्थनापुस्तक घेऊन नांदायला गेलेल्या.
एकीनं दागिने मोडले,
एकीनं पेटीत ठेवले, किल्ली हरवली.

तिथल्या हंचिनाळ पाळकांनी त्यांचा तक्ता दाखवला.
कानडी मला वाचता येत नाही, मोजता येतं.
सतरावीवर लाल शाईची रेघ, पट्टी लावून मारलेली,
बाजूला तारीख, सही.
मग हळूच म्हणाले,
"आमच्या लोकांत अक्काची मुलगी करायची रीत घरोघर.
ती ओळ मात्र शाबूत आहे.
त्यासाठी माणसं कुठं जातात, मला विचारू नका."

लग्न तिथं ठरलं. पण नवरदेव आमचा,
म्हणून तीन रविवार घोषणा इथंही.
तिसऱ्या रविवारी हिवाळ्यांनी वाचलं:
कोणाची हरकत असल्यास आत्ताच सांगावी.
हरकत होती ती त्यांचीच, विचारणारेही तेच.
मंडळी गप्प. पंख्याची कुरकुर.
ते स्वतःच्या उत्तराची वाट बघत उभे,
अंमळ जास्तच उभे,
मग पान उलटलं आणि गीताचा क्रमांक सांगितला.

वही उघडून मी विचारलं, याची नोंद करायची ना?
म्हणाले, "लावून देता येत नाही आपल्याला.
लागलेलं नाकारता येतं, असं कुठं लिहिलंय?"
मी लिहिलं: विवाहस्थळ कागवाड.
शेऱ्याच्या रकान्यावर पेन टेकवलं,
त्यांनी मान हलवली, मी उचललं.

साडेसातची गाडी आता रत्नमणीशिवाय जाते.
तक्ता आहे तिथंच आहे.
परवा झगे उन्हाला काढले
तेव्हा तिनंच त्याची काच पुसली,
ओल्या फडक्यानं, वरून खाली,
सगळ्या ओळींवरून सारखीच.