मागचं झाकण

रुवीच्या बस स्टँडमागं,
शिंप्याच्या आणि तिकीटवाल्याच्या बेचक्यात
माझं साडेचार फुटांचं दुकान.
पूर्वी इथं फोन उघडायला नख पुरायचं.
अंगठा दाबला, झाकण सरकलं, टक्,
बॅटरी तळहातावर.

बॅटरीखाली काय काय निघायचं:
शंभर बैसांची नोट, चार घड्या घातलेली,
तावीजाचा कागद,
बायकोचा फोटो, कोपरे कापून बसवलेला,
एकदा तर चिमूटभर माती, चिकटपट्टीत.
मी पाहून न पाहिल्यासारखं करायचो.
धूळ फुंकायचो, होतं तसं ठेवून द्यायचो.

काल दिलावर मस्तान आला.
बाणकोटचा, माझ्या आईच्या गावचा,
सोहारच्या यार्डात क्रेनवर असतो.
फोनची पाठ फुगलेली, कड उललेली.
केबिनच्या काचेशी ठेवला होता म्हणे.
बाहेर अठ्ठेचाळीस.
"काढ नि नवी टाक. दोन मिनटांचा काम."
"दोन मिनटांचं होतं. आता दीड तास."
"तो का?"

मला ठाऊक आहे तेवढं सांगितलं.
फोन पातळ हवा होता.
खाच, झाकण, बॅटरीचं टणक कवच,
सगळं जागा खायचं; ते काढलं.
पाठीला काच आली, कडेनं गोंद आला,
आत पाणी जाऊ नये म्हणून.
आणि दोन-तीन वर्षांत बॅटरी दमली
की माणूस नवा फोन बघायला लागतो,
याचं कंपनीत कुणाला
फारसं वाईट वाटत नसावं.

दिलावर जरा गप्प.
"पाणी जाऊ नये म्हणून?"
"हो."
"हय पाऊस खय पडता रे?"
"घाम पडतो की."
हसला. हसताना हात फोनवरच.

तव्यावर फोन ठेवला. ऐंशीला गोंद सैल होतो.
फटीत घालायला माझ्याकडे
जुनी टेलिफोन कार्डं आहेत, दोन रियालवाली,
नंबर खरवडलेली.
एकेकात किती बोलणं शिल्लक राहिलं असेल
ते कार्डालाच ठाऊक.
कड सुटली. पांढरी पट्टी ओढली, तुटली.
नेहमीच तुटते.
बॅटरी निघाली, टम्म, पुरीसारखी.

दिलावर वाकून बघत होता.
खाली काहीच नव्हतं.
काळं, गुळगुळीत, गोंदाचे दोन पट्टे.

नवी बसवली. तिच्यावर बारीक पेनानं तारीख घातली.
"हा काय?"
"पुढं कुणी उघडलं तर कळावं, कधी बदलली."
"उघडील कोण?"
"कुणी नाही बहुतेक."
तो पाकिटातलं काहीतरी चाचपत राहिला,
काढलं नाही.
"जागा हाय का थोडी?"
"केसभर."
"मग तारखेखाली नाझनीन लिही.
बारीक लिही."

लिहिलं. वाळू दिलं.
काच बसवली, चारी कडांना चिमटे लावले.
गोंद धरायला अर्धा तास लागतो.
मी दोन करक सांगितले,
एक बिनसाखरेचा.