वीस मिनिटं

आमच्या नॉरफॉक काउंटीत रस्ते कमी, चर जास्त.
चौदा सालच्या ऑगस्टात, कापणी अर्ध्यावर असताना,
वरून तार आली: राखीव शिपायांनी पलटणीत हजर व्हावं.
ठाण्यात आम्ही सात. तिघं त्याच संध्याकाळी गेले.
चौथा, सायलस एबेज, बक्कल नंबर एकशे सत्तेचाळीस,
राखीव नव्हता. तो पुढच्या वसंतात गेला, आपणहून,
साहेबांची लेखी परवानगी काढून.
शिट्टी, कंदील, दंडुका, हेल्मेट, दोन डगले
त्यानं माझ्या टेबलावर मांडले. मी मोजून घेतले.
पावती दिली.
शिट्टीत तंबाखूचा कण अडकला होता, तो लिहिला नाही.

त्याच्या जागी आला औषधवाला पॉन्डर,
दंडावर पट्टी, छातीत दमा;
तो गस्तीला निघाला की अर्धं गाव त्याला सोबत करायचं.
मेंढ्या औषधाच्या पाण्यात बुडवताना हजर राहायचं,
डुकरं हलवायचे परवाने लिहायचे,
दिव्याविना सायकल दिसली की नाव टिपायचं.
लढाई असो नसो, हे कुणाला सुटत नाही.

एबेजची पत्रं पेन्सिलीतली, आधी आधी गमतीची:
'सार्जंट, इथंही मला चौकातच उभं केलंय.
खेचरं, तोफा, जखमींच्या गाड्या, सगळ्यांना हात दाखवतो.
तिकडं दिवा नाही म्हणून दंड करायचो,
इकडं दिवा दिसला की अंगावर धावून जातो.'
मग पत्रं आखूड झाली.
मग नुसतं छापील कार्ड: मी बरा आहे.
बाकीच्या ओळी खोडलेल्या.

एकोणीस साली तो परतला. चौघांतले दोघंच आले.
मी तीच शिट्टी दिली, सही घेतली.
हात धड, पाय धड.
पट्टा तेवढा दोन भोकं आत गेला होता.

आमचा नियम जुना:
रात्री दोन वाजता, मैलाच्या दगडापाशी
शिपायानं सार्जंटला भेटायचं.
पाच मिनिटं आधी नाही, पाच मिनिटं नंतर नाही.
नऊ वर्षं मी एबेजवर घड्याळ लावलं होतं.
आता तो रोज वीस मिनिटं उशिरा,
आणि गुडघ्यापर्यंत चिखल,
रस्त्यानं येणाऱ्याला लागत नाही तेवढा.

मी विचारलं नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यानंच सांगितलं,
कंदिलाची वात खालीवर करता करता:

'हल्ला सुरू झाला की आम्हाला मागं उभं करायचे.
परत येणारा जखमी असेल तर वाट द्यायची,
नसेल तर नाव, नंबर, पलटण विचारून फिरवायचं.
एक पोरगं आलं. बंदूक नाही, एका पायात बूट नाही.
म्हणालं, मिस्टर एबेज, मी आर्ची.
लार्टरबाईंचा आर्ची.
पाद्रीबाबाच्या बागेत सफरचंदं चोरताना
ज्याचा कान धरला होता, तोच.
मला बघून हसलं, सार्जंट.
वाटलं असेल, गावचा पोलीस भेटला, सुटलो.
या वेळी मी कान धरला नाही.
खांद्यावर हात ठेवला. आणि फिरवला.'

मग म्हणाला, 'वात संपत आली. नवी लागेल.'

लार्टरबाईंचं घर गस्तीच्या वाटेवर, तिसऱ्या फाटकाशी.
खिडकीत रात्रभर उजेड.
पूर्वीचा एबेज असता तर दार वाजवून विचारता झाला असता,
सगळं ठीक ना, बाई?
ते घर चुकवायचं तर बिटाच्या शेतातून जावं लागतं,
दोन चर, एक ओढा.

गस्तीची वाट शिपायाला बदलता येत नाही.
बदलायची तर कारण लिहून मुख्यालयाला कळवायचं.
कारणाचा रकाना बोटभर रुंद.

बावीस वर्षं मी ही वही भरतोय.
कोंबडीचोर, दारुडे, भरतीला वाहून आलेलं एक बेवारस प्रेत.
खोटं अक्षर नव्हतं कुठं.

१४७ एबेज. मैलाच्या दगडापाशी भेटला. दोन वाजता.
विशेष काही नाही.