उघडं पातं

वस्ताद उरकुडाजींनी आज पट्ट्यावरची चिंधी सोडली.
"दोन्ही?"
"दोन्ही."

जुनी शुक्रवारीचं तळं मे महिन्यानं तळाशी नेलेलं,
आखाड्याची माती तव्यासारखी.
सात वर्षं माझा प्रत्येक वार
बोटभर आधीच थांबतो,
झिबलचा अर्धा कान या मातीत पडला तेव्हापासून.
तो कान अजून माझ्या मनगटाशी
ऐकत बसलेला.

पहिला वार खांद्यावर. रक्त कोमट, माझंच.
दुसरा गळ्याकडे निघाला तेव्हा कळलं,
म्हातारा थांबणार नाही.

मनगटानं मला विचारलं नाही.

वस्ताद खाली बसले, बरगडी धरून,
गालात तंबाखू तशीच.
"कुठं लपवून ठेवला होता बे,
इतके दिवस?"

मी पट्टा फेकायला गेलो.

"पुसून ठेव," म्हणाले,
"रक्तानं गंजते."