दूधकट्टा

वरची खोली भाड्यानं दिली तेव्हा
तिनं आधी माझं वय विचारलं.
मी म्हणालो, एकसष्ट. तुला काय करायचंय?
वहीत बघून म्हणाली,
वय कळल्याशिवाय आमच्यात
क्रियापदाला शेपूट लावता येत नाही.

नाव गाऊल. म्हणजे पानं गळायचा हंगाम.
गल्लीनं दोन दिवसांत त्याचं गौळण केलं.
विद्यापीठात ती काचेवर कसलासा पातळ थर चढवते,
उन्हाची वीज करणारा.
माझा धैर्यशील हेच करायला
तिच्या मुलखात गेलाय, ग्वांगजूला.
शेजारच्या मालूताई म्हणाल्या,
वाटी गेली, वाटी आली.

पुस्तकातून “मी येते” शिकून आली होती.
इथं बघते तर बायकाच म्हणतात, मी येतो, मी जातो.
आठवडाभर तिला वाटलं आपलं व्याकरण चुकलं.
मग वाटलं, आमचं.
आता जिन्यावरून ओरडते, “काकू, मी येतो हं!”
पण ‘तू’ काही तोंडातून निघत नाही.
दारातल्या मांजरालाही, “आपण बसा.”

पहिल्याच रविवारी तिला गंगावेशीत नेलं, कट्ट्यावर.
म्हैस समोर उभी, धार थेट ग्लासात,
वर बोटभर फेस.
तिनं दोन्ही हातांनी ग्लास घेतला,
मान भिंतीकडं वळवली
आणि एका दमात प्यायली.
गवळी म्हणाला, हे काय, पाठ फिरवून?
तर म्हणाली, मोठ्यांसमोर पिताना
तोंड वळवायचं असतं.
कट्टा गप्प झाला.
मग गवळ्यानं खुशीत दुसरा भरून दिला.
तोही गेला. मान वळवून.

रात्रभर वरच्या मोरीतला नळ वाहत होता.
मला वाटलं, धुणं काढलंय पोरीनं.

मार्चात कोबीला मीठ चोळता चोळता
सांगून टाकलं तिनं.
दूध त्यांच्या घरात कुणालाच सोसत नाही.
आणि मान वळवायची ती फक्त दारूला.
दुधाला वळवली ती
तोंड कसं झालंय ते मला दिसू नये म्हणून.
अगं, मग नको म्हणायचं!
म्हणाली, पुस्तकात होतं ‘नको’.
कट्ट्यावर सापडलं नाही.

मी खूप हसलो.
मग हात मिठात तसाच राहिला.
धैर्यशील तिथं काय काय गिळत असेल?
फोनवर विचारलं की म्हणतो, निवांत आहे, आई.

परवा संध्याकाळी तो पडद्यावर आला.
मागं शेगडी, धूर, चार मोठी माणसं,
त्यातला एक त्याचा सर असावा.
त्यानं ह्याला इवलासा पेला दिला.
दोन्ही हातांनी घेतला ह्यानं
आणि मान वळवली.

आमचं घर तालमीचं.
तीन पिढ्या दुधावर पोसलेल्या.

मी गाऊलकडं बघितलं.
ती पडद्याकडंच बघत राहिली, बराच वेळ.
मग कोबीची बरणी जवळ ओढून
झाकण घट्ट करत म्हणाली,
“दूधच असेल, काकू.”