एकेरी पूल

नायरीने फॉर्म काढला,
पेनाचं टोपण दातांनी ओढलं.
होकिटिकाच्या या चौकीत ती एकटीच असते गुरुवारी.
वेळ?
सकाळी सव्वासात. भरती चढत होती.
ठिकाण?
मॉली क्रीकचा एकेरी पूल,
जिथे पाटीवर दोन बाण आहेत,
जाडा पांढरा, त्याने जायचं,
बारका तांबडा, त्याने थांबायचं.
पांढरा माझा होता.
हे मी दोनदा सांगितलं. तिने एकदाच लिहिलं.

गाडी फिकट हिरवी,
टपावर मासे धरायचं जाळं, काठीसकट.
नंबर पाठ आहे मला,
इथे सगळ्यांना सगळ्यांचे पाठ असतात.

चालक?

मी खिडकीबाहेर पाहिलं.
बाहेर काहीच नव्हतं पाहण्यासारखं,
ओली सायकल, मीठ खाल्लेला दिव्याचा खांब.
डेझमंड ट्रेगर्था, म्हटलं.
नायरीचं पेन थांबलं.
आपला डेझ?
आपलाच.
माझ्या आईच्या शवपेटीला
डावीकडून खांदा दिलेला.

पूल उतरतच होते मी, तो शिरला.
ना वेग कमी, ना हॉर्न.
मी कठड्याच्या टोकाला घासले,
उजवा आरसा उडाला, दिवा फुटला,
शेजारच्या सीटवरची बादली उलटली
आणि पहाटेपासून जमवलेले व्हाइटबेट
माझ्या मांडीवर, गियरभोवती, पायपुसण्यावर,
काचेच्या सुया जिवंत झाल्यासारखे.
प्रत्येकाला दोन काळे ठिपके.
डोळेच डोळे.

आणि तो,
हे कसं लिहिशील, नायरी,
जाता जाता त्याने स्टिअरिंगवरून एक बोट उचललं,
आपण सगळे उचलतो तसं.
हसलाही.
मग वळणाआड.

फॉर्मवर एक चौकट आहे:
चालक पळून गेला का? हो. नाही.
आम्ही दोघी त्या दोन शब्दांकडे बघत बसलो.
पळायला आधी कळावं लागतं.

शाळेत चहाडखोराशी आम्ही कट्टी करायचो.
मीच ठरवायचे किती दिवस.

त्याच पुलावरून आठ वाजता बस जाते,
अकरा मुलं, पुढच्या सीटवर कायम तो
दात पडलेला हेमी, नाक काचेला लावून.
हे मी नायरीला सांगितलं नाही. तिचाच तो.
डेझच्या दारापासून दुकान बावीस किलोमीटर,
हेही नाही सांगितलं.
लायसन्स गेलं की तो कुणाला फोन करणार नाही,
बटाट्यांवर राहील, आणि कुत्र्यालाही बटाटेच घालील.
मी सही केली.
अक्षर माझं वाटेना.

आठवड्याभरात बेकरीच्या मॉरीनने
सुटे पैसे हातात न देता
काउंटरवर ठेवले.

महिन्याने, एका गुरुवारी,
मी त्याच्या फाटकाशी हॉर्न दिला.
बराच वेळ नुसतं कुत्रं भुंकलं.
मग तो आला, टाय लावून,
पिशवीची घडी काखेत.
बसला. पट्टा सापडेना त्याला.
मी शोधून दिला नाही. वेळ लागू दिला.

पाच किलोमीटर तो काही बोलला नाही.
मग म्हणाला, नवीन आरसा छान आहे.
हं, म्हटलं.
कितीला पडला?
सांगितलं.
महाग आहे, म्हणाला, आणि खिशात हात घातला,
आणि तो तिथेच राहू दिला.

पुलापाशी तांबडा बाण आमचा.
मी थांबले.
जा की, म्हणाला डेझ, मोकळा आहे.
समोरून दुधाचा टँकर
पूल भरून येत होता, दिवे लावलेले.
फळ्या आमच्या सीटखाली थरथरत होत्या.
मोकळा आहे गं, तो पुन्हा म्हणाला,
थोडा चिडून.

टँकर बाजूने गेला.
चालकाने एक बोट उचललं. मीही.
डेझने मान वळवली आवाजाकडे, उशिरा.
कोण होतं?

मी नाव सांगितलं.