काळोखाची मोजदाद

एडिनबरा. ब्लॅकफर्ड टेकडीवर नोव्हेंबरात
चार वाजताच दिवे लागतात.
तळघरात आम्ही ते मालवतो.

एल्स्पेथ टाकीत द्रव नायट्रोजन ओतते,
वाफ तिच्या बुटांवरून जिन्याकडे सरकते.
डोळ्यात तेल घालून जागावं म्हणतात आपल्याकडे;
या डोळ्याला उणे एकशे शहाण्णव लागतं,
तेव्हा कुठे तो स्वतःच्या उबेला
तारा समजायचं सोडतो.

पारा, कॅडमियम, टेल्युरियम.
तळहातात मावेल एवढ्यात चाळीस लाख घरं,
आणि आमचं काम काय,
तर काहीही न दाखवता विचारायचं:
काय दिसलं?

खरं उत्तर, घरटी
शंभर सेकंदांत एखादा इलेक्ट्रॉन.
तीन रात्री तो सांगत राहिला: चाळीस.
केबल बदलल्या. अर्थिंग तपासलं.
मी सॉफ्टवेअरला शिव्या दिल्या, मराठीतून,
कुणाला लागू नयेत म्हणून.

चौथ्या दिवशी सगळं उबेला आणून भांडं उघडलं.
खिडकीमागच्या काळ्या आवरणात
एका स्क्रूचं भोक मोकळं,
सुई जाईल न जाईल एवढं.
तिथून खोली आत शिरत होती.
भिंतीची ऊब, किटलीची,
समोरून ये-जा करणारी एल्स्पेथ,
मी अंगावर काढलेला ताप.
त्याच्या लेखी आम्ही अंधारात
मंद पेटलेलेच होतो तीन रात्री,
आणि त्यानं इमानानं तेवढंच लिहून ठेवलं.

स्क्रू तिच्या एप्रनच्या खिशात निघाला.
एकतीस वर्षांत पहिल्यांदा, ती म्हणाली,
आणि बराच वेळ तो चिमटीत फिरवत बसली.

काल रात्री आकडा जुळला.
मग दिवा दाखवला, मालवला,
तरी पडद्यावर त्याचं वर्तुळ तसंच,
विरत विरत, वीस मिनिटं.
दिवा गेल्याचं त्याला उशिरा कळतं.
वहीत त्याचीही नोंद असते: उरलेला उजेड, इतके टक्के.
एक घर मात्र कायम पेटलेलं,
ओळ बाराशे चार. त्याच्यावर फुली मारली.

जानेवारीत तो चिलीला जाईल.
काय पाहील, ते दुसरंच कुणी वाचेल.

टेकडी उतरताना एल्स्पेथ पुढे होती.
बॅटरी तिनं आणली नव्हती, मीही नाही.
चार पावलांवरचं ते चालतं, उबदार माणूस
मला अजिबात दिसत नव्हतं.
माझे डोळे या चाचणीत नापास.
मी बुटांच्या आवाजामागून गेलो.